काटवलाला फुलं येतात पण फळ धरत नाही: टॉनिकच्या आधी नर वेल शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुमचं वावर उमरेडच्या बाजूला आहे. मागच्या पावसाळ्यात जंगलाच्या कडेला ज्या काटवलाच्या वेलांना भरपूर फळं दिसली, ते तुम्ही लक्षात ठेवले आणि यंदा मृगाच्या आधी त्यांचेच कंद खणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावले. शेणखत घातलं, तुराट्या-बांबूचा आधार दिला. वेल डोक्याच्या वर गेले, रोज पिवळी फुलं येतात, फुलामागे बारीक काटेरी गाठही दिसते. पण चार-पाच दिवसांत ती गाठ पिवळी पडून गळते. श्रावण अर्धा सरला तरी एका भाजीपुरतं काटवल हाती लागलं नाही. कृषी केंद्रातून फूलगळीवर बोरॉन आणि टॉनिक मिळालं, दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. आता तुम्ही विचारता की आणखी काय फवारू, आणि पुढच्या वर्षी ऑनलाइन मिळणारं 'हायब्रीड काटवल' बी घेऊन अर्धा एकर लावू का.

फवारायचं काहीच नाही. वेल ठणठणीत आहेत. माझा जवळपास पक्का अंदाज असा की तुमच्या धुऱ्यावरचे सगळे वेल मादी आहेत आणि आसपास नर नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या बाजूला, धानासोबत काटवल करतो आणि ओळखीच्या लोकांना वेलांची रोपं तयार करून देतो. ज्याला पुण्याकडे कर्टुली, मुंबईच्या बाजारात कंटोली आणि छत्तीसगडच्या हद्दीवर खेक्सा म्हणतात तेच हे. दरवर्षी श्रावणात मला हाच प्रश्न येतो आणि दहातल्या आठ वेळा कारण नर-मादीचंच निघतं.

कारली, दोडकी, काकडी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं येतं. त्यामुळे तिथे एक वेल लावला तरी काम भागतं. काटवलाचं तसं नाही. यात अख्खा वेलच नर असतो किंवा अख्खा वेलच मादी. नराला जन्मात फळ लागत नाही, आणि मादीला नराचा पराग मिळाला नाही तर फुलामागची गाठ वाढत नाही, झडून जाते. पपईचं झाड नर निघालं की आपण तोडतो, ते सगळ्यांना माहीत असतं. काटवल आपण पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून फुकट आणत आलो, नर-मादीची काळजी जंगलाने घेतली, म्हणून या गोष्टीकडे कधी लक्ष द्यावंच लागलं नाही.

आता तुमचेच वेल मादी का निघाले ते बघा. तुम्ही फळं दिसलेले वेल हेरले. फळ फक्त मादीला लागतं. म्हणजे तुम्ही निवड उत्तम केली, आणि त्या उत्तम निवडीतच नर सगळे मागे राहिले. ज्या वेलाला फळ नव्हतं, तो 'वांझोटा' समजून कोणीच खणत नाही. पण जंगलात त्याच्याच परागावर शेजारच्या चार-सहा माद्या लदबदून गेलेल्या असतात. फुलामागे काटेरी गाठ दिसते असं तुम्ही लिहिलंत, त्या एका वाक्याने माझा अंदाज पक्का झाला. ते लिहिलं नसतं तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो.

तरी खात्री करून घ्या, कारण काही गोष्टी तुमच्या धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय कळणार नाहीत. फुलाकडे समोरून बघू नका. समोरून दोन्ही पिवळीच दिसतात. मागून बघा. मादी फुलाच्या अगदी पाठीशी, पाकळ्या जिथे जोडलेल्या असतात त्याखाली, छोट्या बोराएवढी लांबट गाठ असते आणि तिच्यावर मऊ काट्यांची लव असते. तेच पुढे होणारं काटवल. नर फुलाच्या मागे गाठ नसते, सरळ लांब देठ असतो. शिवाय नराची कळी लहान असताना एक छोटं हिरवं पान तिला जवळजवळ पूर्ण गुंडाळून बसलेलं असतं. मादीच्या देठावरही असं पान असतं, पण ते अगदी बारीक आणि बहुतेक वेळा देठाच्या बुडाशी, कळीपासून दूर. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की फूल उमलायच्या आधीच वेल ओळखता येतो. पानांवरून, वेलाच्या जाडीवरून किंवा कंदाच्या आकारावरून नर-मादी ओळखतो असं सांगणारे भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही. फूल आल्याशिवाय मी कोणत्याही वेलाची हमी देत नाही.

तपासल्यावर सगळीकडे गाठी दिसल्या, तर निदान बरोबर. एकाही फुलामागे गाठ नसेल तर सगळे नर, पण फळांचे वेल हेरून कंद आणले असतील तर असं व्हायची शक्यता फार कमी. दोन्ही प्रकार दिसले आणि तरीही गाठी गळत असतील तर प्रश्न वेगळा आहे. मग पराग पोहोचत का नाही ते शोधावं लागेल.

पराग पोहोचण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बऱ्याच चुका तिथेच होतात. आपल्याकडच्या या रानटी काटवलाचं फूल संध्याकाळी उमलतं. दिवस मावळायच्या सुमारास कळ्या सुटायला लागतात, अंधार पडेपर्यंत फूल पूर्ण उघडतं, त्याला मंद गोडसर वास येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलूल झालेलं असतं. म्हणजे मधमाशीचा याच्याशी फारसा संबंध नाही. काम रात्री उडणारे पतंग करतात. त्यामुळे शेजारच्या सोयाबीनमध्ये किंवा कपाशीत अळीसाठी एकामागोमाग फवारण्या चालू असतील तर तुमच्याकडे येणारे पतंगही कमी होतात. अळी आणि पतंग हे एकाच किड्याचे दोन अवतार, एकाला मारलं की दुसरा आपोआप घटतो. तसंच चार-पाच दिवस झड लागली, संध्याकाळी नेमका पाऊस कोसळत राहिला, की पराग भिजतो, पतंग फिरत नाहीत आणि त्या दिवसांतली फुलं वाया जातात. ते दरवर्षी होतं, त्यावर इलाज नाही, पाऊस उघडला की पुन्हा फळ धरतं. तुमच्याकडे मात्र उघडीपीतही एक गाठ टिकली नाही, म्हणून मी झडीला दोष देत नाही.

आता यंदाचं उरलेलं पीक कसं वाचवायचं. जंगलात नर वेल सापडला की हाताने पराग लावा. हा माझ्या निदानाचाही पुरावा ठरेल आणि खर्च काही नाही.

फक्त एक काळजी घ्या. फूल संध्याकाळी उमलतं म्हणून कोणी संध्याकाळी जंगलाच्या कडेला जाऊ नका. उमरेड काय, ब्रह्मपुरी-नागभीड काय, आपल्या पट्ट्यात वाघ आहे, आणि वेलात वाकून फुलं शोधणारा माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. दिवसाउजेडी, दोघा-तिघांनी मिळून जा. त्याच संध्याकाळी उमलणारी कळी दुपारीच ओळखू येते. ती फुगलेली असते आणि गुंडाळलेल्या पानातून पिवळी कडा डोकावत असते. अशा कळ्यांसकट नर वेलाचे वीतभर शेंडे कापा, पळसाच्या पानात ओल्या फडक्यासोबत गुंडाळा, घरी येऊन पाण्याच्या तांब्यात उभे ठेवा. संध्याकाळी कळ्या घरातच उमलतात.

अंधार पडायच्या सुमारास टॉर्च घेऊन धुऱ्यावर जा. नर फुलाच्या पाकळ्या हलक्या हाताने मागे दुमडा किंवा काढूनच टाका. मधे परागाचा पिवळा भाग उघडा पडतो. बोट लावून बघा, पिवळी भुकटी लागली पाहिजे. भुकटी लागत नसेल तर थोडं थांबा. मग तो भाग मादी फुलाच्या मधल्या चिकट टोकावर सगळ्या बाजूंनी अलगद टेकवा. घासायचं नाही, नुसता स्पर्श पुरे. एका नर फुलात चार-पाच मादी फुलं सहज होतात. ज्या फुलांना पराग लावला त्यांच्या देठाला लाल दोरा सैल बांधा, आणि मुद्दाम काही फुलं तशीच सोडा. चौथ्या-पाचव्या दिवशी बघा. दोरा बांधलेल्या गाठी हिरव्या राहून फुगत असतील आणि बाकीच्या पिवळ्या पडत असतील, तर टॉनिकवाल्याशी वाद घालायची गरज उरणार नाही. धरलेलं फळ भाजीला यायला त्यानंतर साधारण बारा-पंधरा दिवस लागतात. बी कोवळं असतानाच तोडा. फळ पिवळसर व्हायला लागलं की आतलं बी दाताखाली कचकच करतं.

बोरॉनचंही सांगतो. बोरॉन कमी असलेल्या जमिनीत फळधारणेला ते मदत करतं, हे खरं. माझं भांडण बोरॉनशी नाही. फूलगळ हा शब्द उच्चारला की वेल न बघता बाटली पुढे सरकवायची, या सवयीशी आहे. नर नसताना बोरॉन काय करणार?

पुढच्या वर्षासाठी नर आणायचे कसे? तीन वाटा आहेत. पहिली, आता जंगलात नर वेल ओळखून त्याच्याजवळ खूण ठेवायची आणि वेल वाळल्यावर किंवा पावसाच्या आधी कंद आणायचा. दुसरी, आत्ताच त्या वेलाच्या दोन-तीन पेरांच्या फांद्या कापून, एक पेर मातीत जाईल अशा पिशव्यांमध्ये सावलीत लावायच्या. पावसाळी दमट हवेत त्या मुळं धरतात. मी दुसरी वाट पसंत करतो, कारण मूळ वेल जागेवर राहतो. पण फांदी लवकर लावलेली बरी. उशिरा लावलेल्या फांदीला थंडीआधी कंद भरायला वेळ मिळत नाही, आणि कंद भरला नाही तर उन्हाळ्यात ती संपते. भादव्यात लावलेल्या फांद्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. तिसरी वाट म्हणजे बी. त्यावर खाली लिहितो.

जंगलातून कंद खणण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. फळ तोडलं तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो. कंद काढला की वेल गेला. ज्या गावांना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेत तिथे ग्रामसभेला विचारा, नसतील तिथे वनरक्षकाशी बोला. दोन-चार कंदांवर थांबा, आणि पुढची वाढ आपल्या वेलांपासून करा. जुना मादी कंद मोठा झाला की त्याच्या डोक्याकडचा डोळे असलेला भाग राखून तुकडे करता येतात. कापलेल्या तोंडाला राख लावून दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं आणि मग लावायचं. कंदापासून आणि फांदीपासून झालेला वेल आईसारखाच निघतो, नराचा नर आणि मादीची मादी. या पिकात तेवढी एकच गोष्ट खात्रीची आहे.

किती नर पुरतात? आठ ते दहा माद्यांमागे एक नर हे सर्वसाधारण प्रमाण. शेतात तीन ओळी बाय तीन ओळी असा नऊ खड्ड्यांचा चौक धरतात, मधल्या खड्ड्यात नर आणि भोवती आठ माद्या. तुमच्यासारख्या लांब धुऱ्यावर चौक बसत नाही. तिथे सहा-सात माद्या झाल्या की एक नर असं घ्या. धुऱ्यावर ओळ एकच असल्याने पतंगाला लांब जावं लागतं, म्हणून मी थोडे जास्त नर ठेवतो. माझ्याकडे नर वेल माद्यांच्या थोडे आधी फुलायला लागतात. म्हणून सुरुवातीची फुलं बघून 'सगळे नरच निघाले' म्हणत घाईने उपटू नका. पंधरवडा थांबा.

आता अर्ध्या एकराचा आणि बियाण्याचा प्रश्न. इथे तुमची परिस्थिती मला माहीत नाही, म्हणून हिशोब मांडतो, निर्णय तुमचा.

अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, जवळपास 2,000 चौरस मीटर. मीटर बाय मीटरवर 2,000 खड्डे झाले. त्यात नवांतला एक नर धरला तर सव्वादोनशेच्या आसपास नर आणि पावणेअठराशे माद्या. एवढे नर-मादी माहीत असलेले कंद पहिल्याच वर्षी कोणाकडेही मिळत नाहीत, म्हणून लोक बियाकडे वळतात. बियातून निम्मे वेल नर आणि निम्मे मादी निघतात, आणि फुलावर येईपर्यंत काही कळत नाही. यावर तोड म्हणजे एका खड्ड्यात तीन बिया टाकायच्या, फुलं आली की एक मादी ठेवून बाकीचे काढायचे. गणित साधं आहे. तिन्ही उगवल्या तर आठ खड्ड्यांमागे एखादाच खड्डा असा निघतो की जिथे तिन्ही नर. म्हणजे लागणारे नर त्यातूनच जवळपास मिळून जातात. फक्त ते तुम्हाला हव्या त्या जागी नसतात, एका कोपऱ्यात चार आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकही नाही असं होतं. तिथे दुसऱ्या वर्षी कंद हलवून जुळवून घ्यावं लागतं.

हे कागदावर. प्रत्यक्षात काटवलाचं बी उगवायला फार नखरे करतं. कवच टणक असतं आणि ताज्या बियाला सुप्तावस्था असते. भादवा-अश्विनात पिकून फुटलेल्या लाल गराच्या फळातलं बी धुऊन, सावलीत वाळवून ठेवलं तर ते पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पेरायला योग्य होतं. त्याआधी पेराल तर बहुतेक नुसतं पडून राहील. पेरताना कवचाला टोकाकडे हलकी चीर पाडून रात्रभर भिजवायचं. तरीही उगवण मागेपुढे होते, काही पंधरा दिवसांत, काही महिन्याने. मी शेतात सरळ पेरत नाही, पिशवीत उगवून घेतो.

ऑनलाइन पाकिटाबद्दल. पाकिटावर 'हायब्रीड' लिहिलंय म्हणून निम्मे नर निघायचे थांबत नाहीत. हे पाकिटावर कोणी छापत नाही. दुसरं, फोटोत अंड्याएवढं मोठं फळ दिसत असेल तर ते बहुधा आपलं काटवल नाही. ते बंगाल-आसामकडचं काकरोल. जवळचं नातेवाईक, पण वेगळी जात. त्याचं फूल सकाळी उमलतं, फळ मोठं, चवीत फरक. ते वाईट पीक आहे असं मी म्हणत नाही, पण आपल्या आठवडी बाजारातली बाई काटवल समजून ते घेणार नाही. आणि गावच्या नर काटवलावर भरवसा ठेवून काकरोलच्या माद्या लावल्या, तर एक संध्याकाळी उमलणार आणि दुसरी सकाळी. आपल्या काटवलाचं सुधारित बी हवं असेल तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचं 'इंदिरा कंकोडा-1' हे वाण आहे. तिकडे जाणं जमत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

या वाणाचं एकरी उत्पादन पहिल्या वर्षी 4 क्विंटल, दुसऱ्या वर्षी 6 आणि तिसऱ्या वर्षी 8 असं साधारण सांगितलं जातं. कंद वर्षागणिक मोठा होतो, म्हणून ही चढण. तुमच्या अर्ध्या एकराला पहिल्या वर्षी दोन क्विंटल धरा. आता एक काटवल बारा-पंधरा ग्रॅमचं. किलोत सत्तर-ऐंशी फळं बसतात. दोन क्विंटल म्हणजे पंधरा हजार फळं, एकेक करून, काट्या-पानांत हात घालून, पावसात, दर दोन-तीन दिवसांनी तोडायची. आणि हे नेमकं कधी? आपल्या पूर्व विदर्भात रोवणीच्या आणि त्यानंतरच्या निंदणाच्या दिवसांत, जेव्हा बाया दुप्पट मजुरीलाही मिळत नाहीत. कागदावर काटवलाचा भाव बघून हुरळलेले लोक इथे अडकतात. पहिल्या तोड्यांना भाव चांगला मिळतो. मग जंगलातलं काटवल टोपल्यांनी बाजारात यायला लागतं आणि भाव उतरतो. घरात तोडणीला तीन-चार माणसं असतील, नागपूरसारखा बाजार सकाळी गाठता येत असेल, तर अर्धा एकर जमेल. एकटे असाल आणि धान-सोयाबीन सांभाळून करायचं असेल, तर पुढच्या वर्षी दोन-तीन गुंठे करा आणि त्यातूनच मादी कंद वाढवा. मी तुमच्या जागी असतो तर दोन-तीन गुंठेच केले असते.

जमीन कोणती, हे तुम्ही लिहिलं नाही. धुऱ्यावर वेल चांगले आलेत म्हणजे तिथे पाणी साचत नाही. पण सपाट काळ्या कसदार जमिनीत, जिथे झडीत पाय रुततो, तिथे कंद सडतात. मुरमाड, बर्डी, उताराची जमीन याला मानवते. काळ्यातच करायचं असेल तर फूटभर उंच गादीवाफे घ्या. आणखी एक गोष्ट, जी लागवडीच्या पुस्तकात सापडणार नाही. ज्या वावरात दर उन्हाळ्यात नांगर-वखर फिरतो तिथे हे पीक घालू नका. वेल थंडीत वाळून जातो, जमिनीवर काडी दिसत नाही, आणि मे महिन्यात ट्रॅक्टरवाला सगळे कंद उलथून उन्हात टाकून जातो. याला कायमचा तुकडा द्यावा लागतो, नाहीतर धुरा किंवा कुंपण.

धुऱ्यावर असाल तर तणनाशकाचं बघा. हल्ली धुऱ्यावर सर्रास ग्लायफोसेट मारतात. ते पानातून थेट कंदापर्यंत उतरतं. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. धानाच्या बांधीत टू-फोर-डी मारताना वाऱ्याने आलेला तुषारही वेलवर्गाला बाधतो, पानं वेडीवाकडी होतात, शेंडे पिळले जातात. दरवर्षी कोणी ना कोणी अशा पानांचा फोटो पाठवून 'व्हायरस आला का' विचारतं.

किडींचं थोडक्यात. ठिपक्यांचे भुंगेरे आणि त्यांच्या पिवळ्या काटेरी अळ्या पान खरवडून जाळी करतात. वेल थोडे असतील तर सकाळी हाताने वेचून मारा, जास्त असतील तर निंबोळी अर्क. खरा त्रास फळमाशीचा. ती कोवळ्या फळाला टोचून अंडी घालते, फळ टोचलेल्या जागी वाकडं होतं, आत अळ्या. यासाठी क्यू-ल्यूरचे, म्हणजे नर माशीला वासाने ओढणाऱ्या गोळीचे, सापळे लावा. दुकानात 'फळमाशीचा सापळा' म्हटलं की आंब्याचं मिथाइल युजेनॉल हातात पडतं, ते वेलवर्गातल्या माशीला चालत नाही, गोळीवरचं नाव वाचून घ्या. किडकी फळं धुऱ्याखाली फेकू नका, खोल पुरा. सापळ्यात फक्त नर माशा अडकतात, त्यामुळे पुरलं नाही तर सापळा अर्धाच कामाचा.

फवारणी करावीच लागली तर वेळ उलटी धरा. काकडी-भोपळ्यावर मधमाशा वाचवायला आपण संध्याकाळी फवारतो. काटवलावर संध्याकाळी फवाराल तर नेमकी उमललेली फुलं भिजतील आणि येणारे पतंग मरतील. इथे सकाळी फवारा, कालची फुलं मिटलेली असतात आणि आजची उमलायची असतात.

आता पोळ्याच्या आसपास करायचं एक काम, जे नंतर होणार नाही. फुलं आहेत तोवर प्रत्येक वेलाच्या बुडाशी बांबूची खुंटी ठोका, मादीला एक रंग आणि नराला दुसरा. कापडाची चिंधी नको, ती कुजते किंवा गुरं ओढतात. रंगाचा पट्टा मारा. कार्तिकात वेल वाळला की कोणता नर आणि कोणती मादी हे तुमच्या-माझ्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. वाळलेले वेल कापून घ्या, पण धुरा जाळू नका, आणि उन्हाळाभर कंदांना पाणी देऊ नका. ते कोरड्या मातीत पंचेचाळीस अंशांतही झोपून राहतात. पाण्याने सडतात किंवा अवेळी फुटतात. रानडुक्कर आणि सायाळ यांना मात्र कंदाचा वास लागतो. तुमच्याकडे डुकरांचा त्रास असेल तर कंदांवर बोराट्या-बाभळीच्या काट्या दाबून टाका. मी काटेरी फांद्यांवर दगडही ठेवतो.

हाताने पराग लावल्यावर दोरा बांधलेल्या गाठींचं चौथ्या-पाचव्या दिवशी काय झालं ते इथे लिहा, आणि जमिनीचा प्रकारही कळवा. फोटो टाकणार असाल तर फूल समोरून काढू नका, मागची गाठ आणि देठावरचं पान दिसेल असा आडवा काढा.